गोडीशेव आणि पृथ्वीचं फिरणं

एकोणीसशे अठ्ठावन्न सालच्या मार्च महिन्यात मंदी भिंगारदिवे नावाच्या चौथीतल्या पोरीनं मला भर वर्गात थांबवलं आणि म्हणाली, "बाई, तुमचं हेतुकथन राह्यलं."

मी खडू हातात धरून उभी. फळ्यावर 'दिवस आणि रात्र' असं वळणदार अक्षरात लिहून झालं होतं.

"काय राहिलं?"

"हेतुकथन. 'मुलांनो, आज आपण दिवस आणि रात्र कशी होते ते शिकणार आहोत.' असं म्हणायचं असतं. मागच्या साली एका बाईंचे ह्याच्यापायीच मार्क गेले."

"आणि फळ्याकडं तोंड करून बोलू नका," मागून कुणीतरी पुस्ती जोडली. "साहेबांना आवडत न्हाई."

सगळ्या वर्गानं गंभीरपणे माना डोलावल्या. मी वीस वर्षांची होते, ती पोरं नऊ-नऊ वर्षांची. पण त्या वर्गात शिकाऊ कोण होतं, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती.

नगरकडच्या एका तालुक्याच्या गावात बायकांचं ट्रेनिंग कॉलेज होतं. गावाचं नाव सांगत नाही, तिथले लोक भांडखोर आहेत. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, झालेल्या मुली तिथे दोन वर्षं राहायच्या आणि प्राथमिक शाळेच्या मास्तरणी होऊन बाहेर पडायच्या. शिकवण्याचा सराव करायला कॉलेजला जोडून एक छोटी शाळा होती. तिला आम्ही प्रॅक्टिसिंग शाळा म्हणायचो. त्या शाळेतल्या पोरांचं आयुष्य काय वर्णावं! दर वर्षी नव्या मुली यायच्या आणि त्याच पोरांना तेच पाठ द्यायच्या. गांडुळाचे उपयोग, कापसाचं बोंड, दिवस आणि रात्र. गांडुळाचे उपयोग त्या पोरांना इतक्या जणींनी सांगितले होते की खुद्द गांडुळाला तेवढे माहीत नसतील. कुठल्या प्रश्नानंतर कुठला प्रश्न येतो, बाई कुठे 'शाबास' म्हणतात, तक्ता कुठल्या खिळ्याला टांगतात, सगळं त्यांना पाठ होतं. मंदीनं जन्मात दुसरं काही पाहिलंच नव्हतं. मास्तरीण म्हणजे घाबरलेली, घामेजलेली, पदर सारखा करत राहणारी बाई, असाच तिचा समज होता.

वर्षाच्या शेवटी पाठाची परीक्षा असायची. बाहेरून परीक्षक यायचे, मागच्या बाकावर बसायचे आणि तुम्ही चौथीच्या वर्गाला, ज्यात तिसरीची पोरंही बसायची, एक पाठ द्यायचा. लेखी परीक्षेत सहसा कुणी अडकत नसे, पण पाठात नापास झालं की लेखीला बसायलाच मिळत नसे. ट्रंक उचलायची आणि घर गाठायचं.

बाकीच्या मुलींना घर होतं. माझी गोष्ट निराळी होती.

माझं लग्न चौदाव्या वर्षी झालेलं. सोळाव्या वर्षी नवऱ्यानं दुसरी करून आणली आणि मला माहेरी आणून सोडलं. एका वेळी दोन बायका करायला तेव्हाही कायद्यानं बंदी होती, पण कायदा आमच्या गल्लीत पायी येत असावा. माझे वडील शिंपी. एक मशीन आणि पाच पोरी. त्यांनी मला पुन्हा शाळेत घातलं, मी फायनल झाले, कॉलेजात आले. तेवढ्यात सवतीला जुळ्या मुली झाल्या, घरात धुण्या-भांड्याला माणूस कमी पडायला लागलं आणि सासरच्यांना एकाएकी पहिल्या सुनेची आठवण येऊन भडभडून आलं. समाजाची बैठक बसली. चार शहाण्यांनी निवाडा दिला: पोरगी शिकतेय तर शिकू द्या. पास होऊन नोकरीला लागली तर ती मोकळी. नापास झाली तर निमूट नांदायला जायचं. वडिलांनी माझ्या वतीनं मान डोलावली.

म्हणजे एकीकडे जुळ्यांची लंगोटी आणि दुसरीकडे दिवस आणि रात्र. मधे मंदी भिंगारदिवे.

आमच्या पाठांवर देखरेख रूथबाई अमोलिक यांची. राहुरीकडच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. पन्नाशीच्या, उंच, थोराड, अंगावर पांढरं पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि कमरेला तपकिरीची डबी. पुढेमागे त्याच कॉलेजच्या मुख्य होणार हे ठरल्यासारखं होतं. सराव चालू असताना त्या मागे बसून तपकीर ओढायच्या आणि पाठ संपला की दोन शब्द बोलायच्या. ते दोन शब्द ऐकून मुली वसतिगृहात जाऊन रडायच्या.

मंदीनं माझं हेतुकथन दुरुस्त केलं त्या दिवशीही त्या मागेच होत्या. वर्ग सुटल्यावर जवळ आल्या.

"हावळे, छान झाला हं पाठ. पोरांना सगळं येत होतं."

मी खुलले. "हो ना बाई."

"मग तू कशाला आली होतीस?"

आणि चालू लागल्या. प्रेरणादायी शिक्षक म्हणतात तशा त्या होत्या का, असं मला पुढे पुष्कळ जणांनी विचारलं. मला त्या अजिबात आवडत नव्हत्या.

वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर द्वारकी थिटे होती. पाथर्डीची, धोरणी. तिनं त्या संध्याकाळी मला जगाची रीत समजावून सांगितली.

"हे बघ सगुणे, पोरं बोलली तर तू पास. पोरं मुकी बसली तर देवाचा बाप आला तरी नापास. मागच्या साली एकीनं पोरांना काही दिलं नाही. मंदीनं डोळा मिचकावला आणि सगळा वर्ग पाटीकडं बघत बसला. 'सूर्य कुठं उगवतो?' म्हणून विचारलं तर एकालाही सांगता येईना."

"मग?"

"मग काय, ती बाई आता हिवऱ्याला शेण थापतीये. बोरं, चिंचा, जे जमेल ते दे. पण एक ध्यानात ठेव. सगळं आधी दे आणि मोकळी हो."

मी द्वारकीचं सगळं ऐकलं, शेवटचं वाक्य सोडून. मी शिंप्याची लेक. आमच्याकडे कुठल्याही कामाचा एकच नियम: अर्धा बयाणा आधी, बाकी अर्धा शिवलेला कपडा हातात पडल्यावर. सगळं आधी देऊन टाकलं की बाही आखूड होते, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. बाजारातून मी शेरभर गोडीशेव आणली, गुळात घोळलेली, ताजी, बोटांना चिकटणारी. पाठाच्या दिवशी शाळा भरायच्या आधी निम्मी वाटली. त्यातला मोठा हिस्सा मंदीनं स्वतःकडे ठेवला आणि कुणी काही बोललं नाही.

"बाकीची?" तिनं माझ्या पिशवीकडे बघत विचारलं.

"पाठ संपल्यावर."

"संपला की लगीच?"

"लगेच."

मंदीनं मागे वळून वर्गाकडे पाहिलं. वर्गानं मंदीकडे पाहिलं. मला ते पाहणं फार आश्वासक वाटलं.

परीक्षक गर्गेसाहेब वेळेवर आले. काळी टोपी, लांब कोट, नवेकोरे पंप शू, इतके चकचकीत की त्यात छत दिसावं. ते मागच्या बाकावर टेकले आणि रूथबाई त्यांच्या शेजारी. मी खिडकीबाहेर पाहिलं तर लिंबाखाली माझे सासरे बसले होते. सकाळच्या गाडीनं आले असावेत. येताना एक रिकामं पोतं घेऊन आले होते, माझं सामान भरून न्यायला. माझ्या भवितव्याबद्दल इतका ठाम विश्वास त्या दिवशी दुसऱ्या कुणालाच नव्हता.

मी टेबलावर पृथ्वीचा गोल ठेवला, मेणबत्ती पेटवली, घसा साफ केला आणि पहिला प्रश्न विचारला.

"मुलांनो, सकाळी उजेड कशामुळे होतो?"

याचं उत्तर 'सूर्यामुळे'. मग मी 'शाबास' म्हणायचं, मग सूर्य कुठे उगवतो ते विचारायचं, मग कुठे मावळतो ते विचारायचं. अशा पायऱ्या चढत चढत, धापा टाकत, घंटा व्हायच्या सुमाराला आम्ही सगळ्यांनी मिळून पृथ्वीपर्यंत पोचायचं होतं.

मंदी उठली. हाताची घडी घातली.

"सूर्यामुळे. सूर्य पूर्वेला उगवतो, पश्चिमेला मावळतो, पण खरा तो हलत न्हाई, पृथ्वी स्वतःभोवती फिरते, ती पश्चिमेकडून पूर्वेकडं फिरते, जो भाग सूर्यासमोर येतो तिथं दिवस आणि मागं राहतो तिथं रात्र. आज आपण दिवस आणि रात्र कशी होते ते शिकलो."

ती बसली. तिच्या मागचा गुलाब शेख उठला, पुढे आला, माझ्या हाताखालून गोल ओढून फिरवला, मेणबत्ती धरून दिवस दाखवला, रात्र दाखवली, मेणबत्ती फुंकली आणि जागेवर गेला. दोघा-तिघांनी सारांश सांगितला. शेवटच्या ओळीतली एक पोर म्हणाली, "घरचा अभ्यास, गोलाचं चित्र काढून आणा."

आणि सगळा वर्ग हाताची घडी घालून माझ्या पिशवीकडे बघू लागला.

गर्गेसाहेबांनी अजून पेनाचं टोपण काढलं नव्हतं.

"झालं?" ते म्हणाले.

बोलण्यासारखं माझ्याकडे जे जे होतं ते पोरांनी बोलून टाकलं होतं. बाहेर सासऱ्यांनी पोतं झटकलं. धूळ खिडकीतून आत आली.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"मला न्हाई समजलं."

रूथबाई उभ्या होत्या. बाकामागून बाहेर आल्या, पोरांच्या ओळींमधून वाट काढत पुढे आल्या आणि 'आई गं' म्हणून कण्हत, एक हात जमिनीला टेकवत, बस्करावर मंदीच्या शेजारी खाली बसल्या. मंदी सरकली. दोघीतिघी सरकल्या. तरी त्या पुरत्या मावल्या नाहीत.

"अमोलिकबाई!" गर्गेसाहेब ओरडले. "हे काय चाललंय? परीक्षा चालू आहे!"

"मग चालू द्या की. मी कुठं परीक्षक आहे? मी चौथीत आहे." त्यांनी माझ्याकडे पाहून हात वर केला. "बाई, मला न्हाई समजलं. पृथ्वी फिरते म्हणता?"

"हो," मी म्हणाले. आवाज माझाच होता की नाही, कोण जाणे.

"गरागरा?"

"हो."

"मग आमच्या अंगणातल्या हौदातलं पाणी का सांडत नाही?"

हा प्रश्न पाठात नव्हता. कुठल्याच सालच्या पाठात नव्हता. सगळी पोरं आधी मंदीकडे वळली. मंदीनं आयुष्यात पहिल्यांदाच बाईकडे वळून पाहिलं.

मी गोलाकडे पाहिलं. खरं सांगायचं तर पृथ्वी फिरते यावर माझा मनातून विश्वासच नव्हता. पुस्तकात फिरत होती म्हणून मीही तिला फिरू देत होते. फिरते म्हटलं तर मग पाणी का सांडत नाही, विहिरी का ओतल्या जात नाहीत, लिंबाखालचा माझा सासरा उडून का जात नाही, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"बाई!" मंदी दचकून कुजबुजली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "असं न्हाई म्हणायचं!"

"मग काय म्हणायचं?"

"'शाबास, चांगला प्रश्न आहे, पुढच्या तासाला बघू.'"

"पुढच्या तासापर्यंत मी मरून जाईन," रूथबाई म्हणाल्या. "मला आत्ता पाहिजे."

"मला खरंच माहीत नाही," मी म्हणाले. "कुणाला वाटतं काही?"

शेवटी गुलाब शेखनं बोट वर केलं. ते बोट असं होतं की मी पाहिलं नसतं तर त्याला बरंच वाटलं असतं.

"बाई, एस.टी.त पाणी सांडतं. तांब्यातलं. आम्ही घोडनदीला गेलो तवा."

"सारखं सांडतं?"

"न्हाई. खड्डा आला की."

"न् ब्रेक मारला की," दुसरा म्हणाला.

"नुस्ती पळती तवा न्हाई सांडत," गुलाब म्हणाला. "नुस्ती पळती तवा कळतबी न्हाई. मी तर झोपलो होतो."

"मग पृथ्वीच्या वाटेला खड्डे नसतील," मंदी सावकाश म्हणाली. पाठातलं नसलेलं वाक्य बोलताना तिचा चेहरा पहिल्यांदाच नऊ वर्षांच्या मुलीसारखा दिसला.

"आणि ब्रेक?" मी विचारलं. का विचारलं, मला माहीत नाही. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ब्रेक नसणारच. लागला तर सगळं सांडंल. हौद, विहिरी, समुद्र, सगळं."

"मानसंबी?" एक बारकी पोर घाबरून म्हणाली.

"ब्रेक कुणाच्या हातात आहे पण?"

"देवाच्या."

"देवाला लायसन कुणी दिलं?" बस्करावरून रूथबाई म्हणाल्या आणि वर्गात असा काही गोंधळ उडाला की गर्गेसाहेबांचं 'शांतता, शांतता' त्यांच्या टोपीच्या बाहेरही पडलं नाही. देव, डायव्हर, अल्ला, पोलीस, सगळे एकाच गाडीत बसले. पोरं एकमेकांना ढकलून बोलत होती. मी टेबलावर बसले होते, हे मला नंतर द्वारकीनं सांगितलं. ती दाराच्या फटीतून बघत होती. पाठ देणारी बाई टेबलावर बसणं म्हणजे त्या काळी देवळात चपला घालून नाचणं.

"बरं, पण मग," मी ओरडून म्हणाले, "गाडीत झोपलेल्याला जर कळत नाही, तर आपल्याला कसं कळायचं? सूर्य फिरतोय की आपण फिरतोय? कशावरून?"

"पुस्तकात आहे," कुणीतरी म्हणालं.

"पुस्तक सोड. तुला कसं कळेल?"

"मी फिरून बघते," मंदी म्हणाली.

ती वर्गाच्या मागच्या मोकळ्या जागेत गेली, गर्गेसाहेबांच्या बाकासमोर, आणि दोन्ही हात पसरून स्वतःभोवती फिरायला लागली. आधी हळू, मग जोरात.

"डोळे उघडे ठेव! काय दिसतंय?"

"खिडकी चाललीय! फळा चाललाय! साहेब चाललेत!"

"साहेब खरंच चाललेत का?"

"चाललेत ना! ते बघा, परत आले! परत चालले!" ती आणखी जोरात फिरली. "न्हाई, न्हाई, साहेब बसलेत. साहेब न्हाई. मीच..."

ती थांबली. चेहरा पांढराफटक पडला. सकाळी तिनं स्वतःकडे ठेवून घेतलेला मोठा हिस्सा सगळाच्या सगळा गर्गेसाहेबांच्या पंप शूवर आला.

"हे... हे काय आहे?" गर्गेसाहेब पाय वर धरून म्हणाले.

रूथबाई बस्करावरून उठल्या, जवळ गेल्या, वाकून पाहिलं.

"गोडीशेव," त्या म्हणाल्या. "आज सकाळचीच दिसते."

मंदीनं बाहीनं तोंड पुसलं. "बाई," ती माझ्याकडे बघत म्हणाली, "पण मला कळलं." आणि घंटा झाली.

कॉलेजच्या तेव्हाच्या मुख्य, म्हणजे मोठ्या बाई, यांच्या खोलीचं दार नीट लागत नसे. मी बाहेर व्हरांड्यात उभी होते. थोड्या वेळानं माझे सासरे पोतं खांद्यावर टाकून शेजारी येऊन उभे राहिले आणि कान लावून ऐकू लागले. मी त्यांना खुणेनं दूर व्हायला सांगितलं, तर त्यांनी मलाच गप्प राहायची खूण केली.

"प्रस्तावना नाही, विवेचन नाही," आतून गर्गेसाहेबांचा आवाज येत होता. "हेतुकथन नाही!"

"हेतुकथन झालं. पोरीनं केलं."

"बाईनं करायचं असतं! सारांश नाही, शिस्त नाही, विद्यार्थ्यांना खाऊ घालून फितवलंय, आणि वर तुम्ही, अमोलिकबाई, तुम्ही खाली बसलात! आणि त्या बाईला प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं! मुलांसमोर तसं कबूल केलं तिनं!"

"तुम्हाला माहीत आहे?"

"अर्थात. गुरुत्वाकर्षण."

"ते नाव झालं, साहेब. बारशाला नाव ठेवलं म्हणून पोर कुठून आलं ते कळतं होय?"

माझे सासरे फिस्सकन हसले. आतून मोठ्या बाईंच्या खोकल्याचा आवाज आला.

"मी तुमच्याविषयी वर लिहिणार आहे," गर्गेसाहेब म्हणाले. आवाज आता शांत होता, म्हणजे खरोखर लिहिणार होते. "या कॉलेजच्या मुख्य म्हणून तुमचं नाव आहे म्हणतात. बघू."

"लिहा की. पोरीचं मात्र पास म्हणून लिहा."

"का म्हणून?"

"अजून तुमच्या निम्म्या मुली राहिल्यात ना साहेब? उद्यापासून मी रोज चौथीत येऊन बसेन. आणि मला काही म्हणजे काहीच समजणार नाही."

आत कागदावर पेन कुरकुरलं. मग खुर्ची सरकली. गर्गेसाहेब बाहेर आले, आमच्याकडे न पाहता अनवाणी पायांनी नळाकडे गेले. त्यांच्या मागोमाग मोठ्या बाई आल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "काठावर. पण पास." आणि पदर तोंडाला लावून पुन्हा आत गेल्या.

सासऱ्यांनी मला विचारलं, "काठावर म्हंजी पास का नापास?"

"पास, मामंजी. मी येत नाही."

त्यांनी पोतं खांद्यावरून काढलं, चार घड्या घातल्या. माणूस वाईट नव्हता. पोराच्या आणि बायकोच्या कह्यातला होता, एवढंच.

"बरं झालं एका परीनं," ते म्हणाले. "दोघी एका घरात आल्या असत्या तर भांडणं मलाच ऐकाया लागली असती." चार पावलं गेले आणि परत फिरले. "पण काय गं, ते पाणी का सांडत न्हाई?"

"माहीत नाही मामंजी."

"मग पास कशी झालीस?" ते म्हणाले आणि एस.टी. स्टँडकडे निघाले.

पिशवीतली उरलेली गोडीशेव मी वर्गात वाटली. बोली म्हणजे बोली.

गर्गेसाहेब पुढे फार मोठे अधिकारी झाले. पाठाच्या परीक्षेला परीक्षकानं पादत्राणं वर्गाबाहेर काढून बसावं, असा प्रघात त्यांनी पाडला. विद्येचं पावित्र्य म्हणून लोक त्याचं कौतुक करत, आणि मी कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. द्वारकी पाथर्डीकडेच मुख्याध्यापिका झाली. तिच्या शाळेचा निकाल दर वर्षी शंभर टक्के लागायचा, तो कसा ते मी तिला विचारलं नाही. गुलाब शेखला एस.टी.त डायव्हरची नोकरी लागली. मंदी मिरजेला नर्स झाली. तिची आणि माझी गाठ एकदाच पडली, माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी. शुद्धीवर येता येता मला मळमळलं, तिनं भांडं पुढे धरलं आणि म्हणाली, "काढा बाई, लाजू नका, मी तुमच्यासमोर काढलंय." माझ्या नवऱ्याला त्याच्या दुसऱ्या बायकोनं असं काही वठणीवर आणलं की माझा तिच्यावरचा राग हळूहळू गेला. तिच्या जुळ्या मुली शिकायला माझ्याच शाळेत आल्या. त्यांना मी जरा जास्त वेळ अभ्यासाला बसवत असे. त्यात मला फार आनंद मिळे, आणि तो आनंद शैक्षणिक नव्हता.

मी खेड्यांवर पंधराएक वर्षं शिकवलं, मग ट्रेनिंग कॉलेजात गेले आणि शेवटी त्याच गावच्या कॉलेजची मुख्य होऊन निवृत्त झाले. परीक्षेआधी वर्गात तालीम करायला मी बंदी घातली. मुली तालीम चोरून करू लागल्या. चोरून करायची म्हणजे थोडी कमी होते, एवढीच शैक्षणिक सुधारणा माझ्या नावावर आहे. निवृत्तीच्या समारंभात मी भाषण केलं. माझ्या गुरूनं माझं दुःख ओळखलं, माझ्यासाठी आपलं पद पणाला लावलं, म्हणून आज मी इथे उभी आहे, असं म्हणाले. पुढच्या रांगेत लोकांनी डोळे पुसले. मला शाल मिळाली. शाल चांगली होती, अजून वापरते.

ते तसं नव्हतं, हे मला तेव्हा वीस वर्षांपासून माहीत होतं.

रूथबाईंना कॉलेजचं मुख्यपद मिळालं नाही. गर्गेसाहेबांनी लिहिलं ते लिहिलंच. बाईंची बदली खानदेशात कुठेतरी झाली, तिथूनच त्या निवृत्त झाल्या आणि राहुरीला बहिणीकडे येऊन राहिल्या. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्या सत्तरीच्या पुढे होत्या. अंगणात खाट टाकून बसल्या होत्या, डबी तीच. मी पाया पडले. मनात इतकी वर्षं साठवलेलं सगळं बोलून टाकलं. बाई, तुम्ही त्या दिवशी उठला नसता तर मी आज जुळ्यांच्या घरी भांडी घासत असते. माझ्यासाठी तुम्ही एवढं सोसलंत.

"तुझ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "तुझं काय होतं तेव्हा?"

मी चपापले. "माझे सासरे मला न्यायला आले होते ना बाई. लिंबाखाली. पोतं घेऊन."

"तो पोतंवाला तुझा सासरा होता?" त्यांनी चिमूट नाकाजवळ नेली आणि तशीच थांबवली. "मला वाटलं, वसतिगृहाला कोळसे घालणारा."

"मग तुम्ही उठलात कशाला?"

"अगं, मला माहीत नव्हतं म्हणून." जरा चिडूनच बोलल्या. "वीस-बावीस वर्षं तो पाठ ऐकला मी. प्रत्येक वेळी मनात यायचं, च्यायला, फिरते तर पाणी का सांडत नाही? पण विचारायचं कधी? तुम्ही बाया घंटा होईपर्यंत तोंड मिटायच्या नाहीत. तुझा एकटीचा पाठ लवकर संपला. म्हटलं, आता नाही विचारलं तर राहूनच जाईल."

बहिणीनं चहा आणला. अंगणाच्या कडेला सिमेंटचा हौद होता, काठोकाठ भरलेला.

"मग बाई, कळलं का पुढे?"

"अर्धं कळलं," रूथबाई म्हणाल्या. "बहिणीच्या नातवाचं सायन्सचं पुस्तक घेतलंय. उरलेल्याचं बघते या उन्हाळ्यात."

त्या वर्षी उन्हाळा लागायच्या आधीच त्या गेल्या.